घरच्या जलतरण तलावातील शेवाळ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव शहरालगतचे बंगले, खानापूर-जांबोटी भागातील फार्महाऊस आणि निपाणी-चिकोडी पट्ट्यातील मळ्यांतली घरे यांच्या आवारात आता छोटे खासगी जलतरण तलाव दिसू लागले आहेत. पुढील उत्तरे साधारण ३० ते ८० हजार लिटर क्षमतेच्या, पंप आणि वाळूचा फिल्टर बसवलेल्या तलावांसाठी आहेत. सर्व प्रमाणे पीपीएममध्ये दिली असून १ पीपीएम म्हणजे हजार लिटर पाण्यात १ ग्रॅम, एवढे लक्षात ठेवले तरी पुढचा हिशेब कोणालाही करता येतो.

कालपर्यंत स्वच्छ असलेले पाणी एका रात्रीत हिरवे कसे होते?

ते एका रात्रीत होत नाही. दिसते मात्र एका रात्रीत. शेवाळाचे सूक्ष्म बीजाणू वाऱ्याबरोबर, पावसाबरोबर, पालापाचोळ्यातून आणि पोहणाऱ्यांच्या कपड्यांवरून पाण्यात सतत येतच असतात आणि पुरेसे मुक्त (म्हणजे जंतू मारण्यासाठी शिल्लक असलेले) क्लोरीन असेल तर तेथेच मरतात. क्लोरीन कमी पडले की त्यांची वाढ मरण्याच्या वेगापेक्षा जास्त होते, आणि उन्हाच्या दिवसांत त्यांची संख्या काही तासांपासून दिवसाभरात दुप्पट होऊ शकते. डोळ्यांना हिरवटपणा जाणवण्याआधी पाण्याची चमक जाते, भिंतीला हात लावल्यावर बुळबुळीत लागते आणि टाकलेले क्लोरीन नेहमीपेक्षा लवकर संपते. म्हणूनच शेवाळावर कोणते औषध घालावे, याआधी क्लोरीन केव्हापासून आणि कशामुळे कमी पडत होते, याचा शोध घ्यायला हवा.

हिरवे पाणी म्हणजे शेवाळच असते का?

नाही, आणि आपल्या भागात हा फरक ओळखणे विशेष महत्त्वाचे आहे. बेळगाव-खानापूरच्या पश्चिम भागात जांभा दगड आणि तांबडी माती आहे. या जमिनीत लोहाचे प्रमाण भरपूर असते आणि काही विहिरींच्या व बोअरच्या पाण्यातही ते उतरते. असे पाणी भरताना स्वच्छ दिसते, परंतु क्लोरीन टाकताच त्यातील लोहाचे ऑक्सिडीकरण होऊन पाणी हिरवट, चहासारखे किंवा तांबूस होते. मालक ते शेवाळ समजून आणखी क्लोरीन ओततो आणि रंग अधिकच गडद होतो.

ओळख सोपी आहे. शेवाळाने हिरवे झालेले पाणी गढूळ असते आणि भिंती बुळबुळीत लागतात. लोहामुळे किंवा तांब्यामुळे रंगलेले पाणी बहुधा आरपार दिसते आणि भिंती खडबडीतच राहतात. खात्रीसाठी तलाव भरण्यापूर्वीच पांढऱ्या बादलीत बोअरचे पाणी घेऊन त्यात थोडे द्रव क्लोरीन (सोडियम हायपोक्लोराइट) घालून तासभर ठेवावे. पाणी तांबूस झाले तर लोह आहे, असे समजावे. अशा वेळी नगरपालिकेचे पाणी किंवा लोह नसलेल्या स्रोताचा टँकर भरणे, किंवा भरतानाच लोह गाळणारा फिल्टर वापरणे, हे नंतर टाइलवरचे डाग काढत बसण्यापेक्षा स्वस्त पडते.

शेवाळाचे प्रकार कोणते?

घरच्या तलावांत प्रामुख्याने तीन प्रकार आढळतात. पाण्यात तरंगणारे हिरवे शेवाळ सर्वांत सामान्य आणि सर्वांत लवकर जाणारे. पिवळे शेवाळ सावलीच्या बाजूला मातीच्या बारीक थरासारखे बसते, ब्रश लावताच उडते आणि दोन दिवसांनी त्याच जागी परत येते. अनेकजण ती धूळच समजतात. काळे शेवाळ, जे शास्त्रीय दृष्ट्या शेवाळ नसून सायनोबॅक्टेरिया आहे, सिमेंटच्या छिद्रांत आणि टाइलच्या सांध्यांत ठिपक्यांच्या रूपात रुजते. गुलाबी रंगाचा चिकट थर आढळल्यास तो जिवाणूंचा असतो. उपाय मात्र क्लोरीन आणि ब्रश हाच.

क्लोरीन नेमके किती ठेवावे?

या प्रश्नाचे उत्तर एका आकड्यात देता येत नाही, आणि बहुतेकांचा गोंधळ येथूनच सुरू होतो. उघड्या तलावातील क्लोरीन उन्हाने फार वेगाने नष्ट होते. संरक्षण नसेल तर भर दुपारी दोन-तीन तासांत बहुतांश क्लोरीन उडून जाते. हे टाळण्यासाठी पाण्यात सायन्युरिक आम्ल असते, ज्याला व्यवहारात स्टॅबिलायझर म्हणतात. ते क्लोरीनला उन्हापासून वाचवते, पण त्याच वेळी क्लोरीनची मारक शक्तीही धरून ठेवते. स्टॅबिलायझर जितके जास्त, तितके अधिक क्लोरीन त्याच कामासाठी लागते.

व्यवहारातला नियम असा की मुक्त क्लोरीन हे स्टॅबिलायझरच्या किमान साडेसात टक्के असावे. स्टॅबिलायझर ४० पीपीएम असेल तर क्लोरीन ३ पीपीएमच्या खाली कधीही जाऊ देऊ नये. १०० पीपीएम असेल तर हीच मर्यादा साडेसात होते. याचा अर्थ, त्या पाण्यात ‘क्लोरीन २ आहे, सगळे ठीक आहे’ असे वाटत असतानाच शेवाळ आरामात वाढू शकते. आपल्याकडील उन्हासाठी स्टॅबिलायझर ३० ते ५० पीपीएम या पट्ट्यात ठेवणे योग्य आहे.

पीएच ७.२ ते ७.६ ठेवावा. पीएच ८ च्या पुढे गेला की क्लोरीनचा प्रभावी भाग झपाट्याने घटतो आणि डोळेही चुरचुरतात. एकूण क्षारता ८० ते १२० पीपीएम असली की पीएच स्थिर राहतो. ती कमी असल्यास खाण्याचा सोडा वापरावा.

मग स्टॅबिलायझर एवढे वाढते कशामुळे?

गोळ्यांमुळे. बाजारात मिळणाऱ्या टीसीसीएच्या (ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक आम्लाच्या) पांढऱ्या गोळ्या सोयीच्या असतात. तरंगत्या डब्यात टाकल्या की आठवडाभर पाहावे लागत नाही. मात्र या गोळ्यांतून मिळणाऱ्या प्रत्येक १० पीपीएम क्लोरीनबरोबर सुमारे ६ पीपीएम स्टॅबिलायझरही पाण्यात जमा होते, आणि ते उन्हाने उडत नाही, फिल्टरने निघत नाही. रोज २ पीपीएम क्लोरीन लागते असे धरले, तर फेब्रुवारीअखेर सुरू केलेल्या गोळ्यांनी मेअखेरपर्यंत स्टॅबिलायझर शंभराच्या पुढे जाते. उन्हाळ्यात पाण्याची टंचाई असल्यामुळे कोणी पाणी बदलत नाही आणि नेमके मे महिन्यात, पाहुणे घरी आलेले असताना, पाणी हिरवे होते. ‘औषध बनावट निघाले’ अशी तक्रार मग ऐकू येते. बहुतेक वेळा औषधात खोट नसते.

ते कमी करण्याचा एकच खरा मार्ग म्हणजे काही पाणी काढून नवे भरणे. १०० वरून ४० वर आणायचे तर ६० टक्के पाणी बदलावे लागते. ४५ हजार लिटरच्या तलावात हे २७ हजार लिटर होतात, म्हणजे उन्हाळ्यात टँकरचा मोठा खर्च. पश्चिमेकडील तालुक्यांना येथे निसर्गाचीच मदत आहे : खानापूर-कणकुंबीकडील जून-जुलैचा पाऊस तलावात पडू द्यावा आणि तेवढे जुने पाणी बॅकवॉशमधून, म्हणजे फिल्टर उलट दिशेने धुताना, बाहेर सोडत राहावे, महिन्याभरात आकडा बराच खाली येतो. अथणी किंवा रायबागकडे, जेथे पाऊसच कमी, तेथे मुळातच गोळ्यांचा वापर मर्यादित ठेवणे शहाणपणाचे.

ब्लिचिंग पावडर चालते का? ती तर पंचायतीच्या विहिरीतही टाकतात.

चालते, पण काळजीने. ताज्या ब्लिचिंग पावडरमध्ये सुमारे ३० टक्के क्लोरीन असते आणि उरलेल्यात चुन्याचा मोठा भाग असतो. ती थेट तलावात टाकल्यास पाणी दुधाळ होते आणि तळाला चुना बसतो. प्लास्टिकच्या बादलीत पाणी घेऊन त्यात पावडर कालवावी, साका खाली बसू द्यावा आणि वरची निवळीच ओतावी. ओल्या हवेत तिची ताकद लवकर जाते; पावसाळ्यात उघडे राहिलेले पोते दिवाळीनंतर वापरणे म्हणजे बहुतांशी चुनाच टाकणे होय.

दाणेदार कॅल्शियम हायपोक्लोराइट ६५ ते ७० टक्के ताकदीचे असते आणि त्यात गाळ कमी निघतो. तथापि तेही पाण्याचा जडपणा वाढवते. पूर्वेकडील काळ्या मातीच्या भागात बोअरचे पाणी मुळातच जड असेल, तर भिंतींवर पांढरे पापुद्रे धरतात. अशा ठिकाणी द्रव सोडियम हायपोक्लोराइट मला अधिक योग्य वाटते, कारण त्यातून ना चुना वाढतो ना स्टॅबिलायझर. ते साधारण १० टक्के ताकदीचे मिळते, उन्हात व उष्णतेत क्षीण होते, म्हणून लागेल तेवढेच ताजे आणावे.

पाणी आता हिरवे झाले आहे. कोणत्या क्रमाने काय करावे?

उदाहरणासाठी ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी १.४ मीटर खोल तलाव घेऊ. गुणाकार करून सुमारे ४५ घनमीटर, म्हणजे ४५ हजार लिटर पाणी होते. येथे १ पीपीएम वाढवण्यासाठी ४५ ग्रॅम शुद्ध क्लोरीन लागते. ते सुमारे ७० ग्रॅम दाणेदार क्लोरीनमधून, किंवा अंदाजे ४५० मिलिलिटर द्रव क्लोरीनमधून मिळते.

प्रथम पाला, फुले, मेलेले किडे जाळीने काढावेत, कारण तळाशी कुजणारा पाला टाकलेले क्लोरीन खाऊन टाकतो. त्यानंतर पीएच मोजून तो ७.२ च्या आसपास आणावा. हे आधीच करावे लागते; क्लोरीन १० पीपीएमच्या वर गेल्यावर पीएचची चाचणी विश्वासार्ह राहत नाही. मग स्टॅबिलायझर मोजावे आणि त्याच्या सुमारे ४० टक्के इतके मुक्त क्लोरीन चढवावे. स्टॅबिलायझर ४० असेल तर लक्ष्य १६ पीपीएम. आपल्या उदाहरणातील तलावात त्यासाठी सुमारे ७ लिटर द्रव क्लोरीन किंवा १ किलो १०० ग्रॅम दाणेदार क्लोरीन लागेल. स्टॅबिलायझर शंभराच्या वर असेल तर हे लक्ष्य ४० च्या पुढे जाते. तेव्हा रसायनांवर पैसे घालवण्याआधी पाणी बदलणे भाग आहे.

क्लोरीन सूर्यास्तानंतर, पंप चालू ठेवून, पाणी आत येणाऱ्या तोंडाजवळ हळूहळू ओतावे. लगेच संपूर्ण तलावाला ब्रश मारावा : भिंती, पायऱ्या, कोपरे, शिडीच्या मागची बाजू, आणि शक्य असल्यास पाण्याखालच्या दिव्याचा खाचा. दिव्यामागे दडलेले शेवाळ हे पुन्हा पुन्हा उद्भवणाऱ्या त्रासाचे फार दुर्लक्षित कारण आहे. सिमेंटच्या तलावाला तारेचा ब्रश चालतो. टाइल, फायबर किंवा प्लास्टिक अस्तर असल्यास नायलॉनचाच वापरावा.

येथपर्यंत सगळे करतात. चूक पुढे होते : एकदा मोठा डोस टाकून दोन दिवस वाट पाहिली जाते. शेवाळ मरताना क्लोरीन खर्च होते, त्यामुळे पहिल्या रात्री १६ वर नेलेले क्लोरीन सकाळी ४ वर आलेले असू शकते, आणि तेथे थांबल्यास उरलेले शेवाळ पुन्हा जोर धरते. म्हणून पहिले दोन दिवस शक्य तितक्या वेळा, निदान सकाळ-दुपार-संध्याकाळ मोजून क्लोरीन पुन्हा त्याच लक्ष्यावर आणावे. पाणी हिरव्याचे राखाडी-निळसर होते, मग धुरकट आणि शेवटी स्वच्छ. या काळात पंप अखंड चालवावा आणि फिल्टरच्या मापकावरील दाब स्वच्छ स्थितीपेक्षा सुमारे अर्धा किलो वाढला की बॅकवॉश करावे. पहिल्या दिवशी ते अनेकदा करावे लागेल.

उपचार संपला हे केव्हा मानायचे? पाणी तळापर्यंत स्वच्छ दिसत असेल, संयुक्त (घाणीशी जोडले जाऊन निकामी झालेले) क्लोरीन अर्ध्या पीपीएमपेक्षा जास्त नसेल, आणि सूर्यास्तानंतर मोजलेले क्लोरीन दुसऱ्या दिवशी सूर्योदयापूर्वी मोजल्यावर १ पीपीएमपेक्षा अधिक घटलेले नसेल, तेव्हाच. रात्री ऊन नसते. तरीही क्लोरीन घटत असेल तर ते खाणारे काहीतरी पाण्यात जिवंत आहे.

चाचणीसाठी पिवळ्या थेंबांचे किट पुरेसे आहे का?

नित्याच्या अंदाजापुरते ठीक आहे. परंतु ते एकूण क्लोरीन दाखवते; त्यातील मुक्त किती आणि निकामी झालेले किती, हे त्यावरून कळत नाही. गुलाबी रंग देणारे डीपीडी किट घ्यावे. तेही एका ठिकाणी फसवते : क्लोरीन फारच जास्त असेल तर गुलाबी रंग उमटून लगेच उडतो आणि आकडा शून्य भासतो. अशा वेळी नमुन्यात तेवढेच शुद्ध पाणी मिसळून मोजावे आणि उत्तर दुप्पट करावे.

तुरटीने पाणी निवळते, मग तीच का टाकू नये?

तुरटी शेवाळ मारत नाही. मेलेले शेवाळ आणि मातीचे कण एकत्र करून तळाशी बसवते. जिवंत शेवाळावर ती टाकली तर वरचे पाणी दोन दिवस छान दिसते आणि तळातून हिरवेपणा परत येतो. क्लोरीनचे काम झाल्यावर धुरकटपणा उरला असेल तर ती उपयोगी पडते. पंप बंद करून रात्रभर पाणी स्थिर ठेवावे आणि तळाचा गाळ सकाळी व्हॅक्यूमने थेट बाहेर सोडावा, फिल्टरमधून नेऊ नये. तुरटीने पीएच आणि क्षारता दोन्ही उतरतात, हे ध्यानात असू द्यावे.

आणि मोरचूद?

अथणीकडे द्राक्षबागेसाठी बोर्डो मिश्रण करणाऱ्या घरांत मोरचूद असतेच, त्यामुळे हा प्रश्न वारंवार येतो. तांबे शेवाळाला मारक आहे, हे खरे. मात्र ते पाण्यातून उडून जात नाही; हाताने अंदाजे टाकलेल्या चमचाभर मोरचुदाने टाइलवर निळे-काळे डाग पडतात, फिकट केसांना हिरवट छटा येते, आणि असे पाणी ओढ्यात गेल्यास माशांना घातक ठरते. घरच्या तलावात मोरचूद वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शेवाळनाशक हवेच असेल तर तांबे नसलेले पॉलिक्वाट प्रकारचे घ्यावे, आणि तेही प्रतिबंधासाठी, उदाहरणार्थ गावाला जाण्यापूर्वी. हिरव्या पाण्यावर ते खर्चिक आणि अपुरे पडते. स्वस्त शेवाळनाशकांमुळे फेस येतो.

पावसाळ्यात तलाव रिकामा करून ठेवावा का?

करू नये. घाटमाथ्याजवळ पावसाळ्यात भूजल अगदी वर येते. रिकाम्या टाकीला खालून पाण्याचा दाब बसून तळ फुगण्याचा, तडा जाण्याचा किंवा फायबरची टाकी उचलली जाण्याचा धोका असतो. पाणी ठेवावेच, पातळी वाढली की जास्तीचे सोडावे, आणि क्लोरीन कमी प्रमाणात का होईना चालू ठेवावे. पावसाचे पाणी क्षारता उतरवते, म्हणून मोठ्या पावसानंतर ती मोजावी. आपल्या उदाहरणातील तलावात १० पीपीएम वाढवण्यासाठी सुमारे पाऊण किलो खाण्याचा सोडा लागतो. तलावाच्या कडेने चर काढून अंगणातील तांबडे पाणी आत येणार नाही, अशी व्यवस्था मे महिन्यातच करावी. बिनक्लोरीनचा साचलेला तलाव डासांचे घर होतो, हे वेगळे सांगायला नको.

शेजारी उसाचे शेत आहे. त्याचा संबंध असतो का?

असतो. शेतात फोकून टाकलेल्या खताचे कण आणि शेतातून वाहून येणारे पाणी यांबरोबर नत्र आणि स्फुरद तलावात येते, जे शेवाळाचेही खाद्य आहे. गाळप हंगामात पाचट जाळल्यावर काळी राख उडून पाण्यावर बसते. यावर स्फुरद काढणारी महागडी औषधे सुचवली जातात, पण क्लोरीन योग्य राखलेल्या पाण्यात खाद्य कितीही असले तरी शेवाळ वाढू शकत नाही. राख त्या दिवशीच जाळीने काढावी आणि हंगामात आच्छादन वापरावे.

पंप किती तास चालवावा? आमच्याकडे थ्री-फेज वीज ठरावीक वेळेतच असते.

तलावातील सर्व पाणी दिवसातून निदान एकदा फिल्टरमधून जावे. बहुतेक घरगुती यंत्रणांत यासाठी ६ ते ८ तास लागतात. शेतीच्या फीडरवर असलेल्या फार्महाऊसमध्ये तलावाचा पंप सिंगल-फेजवर चालणारा घेतल्यास ही अडचण उरत नाही. वीज रात्रीच येत असेल तर रात्री चालवावा, आणि क्लोरीनही तेव्हाच घालावे.

काळे ठिपके कशानेच जात नाहीत.

त्यांच्यावर संरक्षक थर असतो आणि मुळे सिमेंटच्या आत गेलेली असतात, त्यामुळे केवळ क्लोरीन वाढवून उपयोग होत नाही. तारेच्या ब्रशने तो थर रोज फोडावा लागतो आणि क्लोरीन आठवडाभर तरी चढे ठेवावे लागते. ठिपके खूप पसरले असतील तर गिलाव्यातच भेगा आहेत, असे समजावे. मग टाकी उन्हाळ्यात रिकामी करून गिलावा दुरुस्त करणे हाच टिकाऊ उपाय होय.

थोडे हिरवे असताना मुलांना पोहू द्यावे का?

नाही. शेवाळ स्वतः बहुधा फारसे अपायकारक नसते, परंतु जेथे ते वाढते तेथे जंतूंनाही अडवणारे काही नाही, हे सिद्धच होते. कान, डोळे व त्वचेचे संसर्ग होऊ शकतात. नाकावाटे शिरून मेंदूला संसर्ग करणारा नेग्लेरिया हा अमिबा दुर्मीळ असला, तरी केरळमध्ये अलीकडच्या वर्षांत त्याचे रुग्ण आढळले आहेत. उबदार, बिनक्लोरीनचे गोडे पाणी त्याला मानवते. सर्वांत मोठा धोका मात्र साधाच आहे : गढूळ पाण्यात बुडणारे मूल काठावरून दिसत नाही. तळाची जाळी वरून स्पष्ट दिसत नसेल तर कोणालाही पाण्यात उतरू देऊ नये.

रसायने कोठे आणि कशी ठेवावीत?

कोरड्या, हवेशीर, कुलूपबंद खोलीत. खते व डिझेलपासून दूर. टीसीसीएच्या गोळ्या आणि दाणेदार कॅल्शियम हायपोक्लोराइट एकमेकांत मिसळल्यास आग लागू शकते किंवा स्फोट होऊ शकतो, म्हणून दोन्हींसाठी एकच मग किंवा एकच तरंगता डबा कधीही वापरू नये. आम्ल आणि क्लोरीन एकत्र आल्यास विषारी वायू निर्माण होतो. रसायन नेहमी पाण्यात टाकावे, रसायनावर पाणी ओतू नये. डब्यांवरील सूचना बहुधा इंग्रजीत असतात. ज्या गड्याच्या हाती हे काम सोपवले आहे त्याला वाचता येईल अशा लिपीत, मराठीत किंवा कन्नडमध्ये, प्रमाणे लिहून पंपाच्या खोलीत चिकटवावीत.

शेतातील कृषी होंड्यालाही (शेततळ्यालाही) हेच उपाय लागू आहेत का?

लागू नाहीत. ते पाणी पिकाला, जनावरांना किंवा माशांसाठी असेल तर त्यात क्लोरीनचे असे डोस घालता येत नाहीत. तेथे सावलीची जाळी आणि खताचे पाणी आत न येऊ देणे हेच मार्ग आहेत. प्लास्टिक अस्तराच्या उतारावर शेवाळ धरले की पाय ठरत नाही आणि बाहेर येता येत नाही. अशा होंड्यात पोहू नये, आणि दोर व कुंपण अवश्य असावे.

तलावातील पाणी काढून कोठे सोडावे?

क्लोरीन टाकणे थांबवून काही दिवस जाऊ द्यावेत आणि चाचणीत ते शून्याजवळ आल्यावरच पाणी सोडावे. भाताच्या वाफ्यात, विहिरीजवळ किंवा मासे असलेल्या ओढ्यात ते जाऊ देऊ नये. आम्ल किंवा मोरचूद वापरलेले पाणी झाडांनाही घालू नये. पावसाळ्यात वेळ पाहून सोडावे : बळ्ळारी नाल्यासारखे नाले तेव्हा आधीच फुगलेले असतात आणि वडगाव-शहापूर शिवारातील भातपीक त्यांच्या पाण्याखाली जाते. उघडीप मिळाल्यावर, थोडे थोडे, स्वतःच्या आवारातील शोषखड्ड्यात सोडणे उत्तम.